काय ऐकून राहिले?

पुण्याकडचे लोक विचारतात, काय ऐकताय?
आम्ही विचारतो, काय ऐकून राहिले?
म्हणजे ऐकलं, आणि मग तिथंच राहिले,
उठलेच नाही.

आमचं ठिकाण गोकुळपेठेत,
अश्फाकभाईंच्या दुकानामागची खोली.
पोट उघडे पडलेले रेडिओ, तापल्या कथलाचा वास,
आणि गवताच्या पाट्यांचा एक दांडगा कूलर,
जो गाणं सुरू झालं की बंद करावा लागतो.
मे महिन्यात हीच आमची परीक्षा.
शेहेचाळीस डिग्रीत विलंबित एकताल:
थेंब मानेवरून निघतो
आणि समेवर बरोब्बर कमरेला पोचतो.

वही माझ्याकडे असते.
कुंदाताई वैरागडे, मेडिकलच्या रिटायर सिस्टर:
महिनाभर एकच मारवा, संध्याकाळी, दिवा न लावता.
“पंचम नाही त्यात,” म्हणतात,
“अन् षड्जही लवकर देत नाही मेला.
नाइट ड्युटी लागल्यासारखं वाटते.”
उमाठेंचा प्रणय: फोनात चारशे तास भरलेले,
त्यातले ऐकलेले, त्याच्याच कबुलीनं, एकोणीस.
अश्फाकभाई राग सांगत नाहीत, मशीन सांगतात.
“आज जर्मन लावली. पट्टा नवा टाकला.”
माझ्या नावापुढं या आठवड्यात काहीच नाही,
वरच्या मजल्यावर फरशी कापून राहिले.
आणि फुलझेले.
दोन वर्षं येतात, चपला दाराशी सरळ लावतात,
शेवटी “बरं” म्हणतात आणि जातात.
त्यांचा रकाना मी आखायचंही सोडलं होतं.

त्या गुरुवारी प्रणयनं एक स्पूल आणलं,
कुण्या मावसआजोबांच्या ट्रंकेतलं.
डब्यावर पेन्सिलीनं: बाई. भीमपलास. पुणे?
प्रश्नचिन्ह आजोबांचंच.

कूलर थांबला. हवा जागच्या जागी बसली.
बाईंचा आवाज खरखरीतून वर आला,
विहिरीतून बादली यावी तसा,
आधी हिंदकळत, काठाशी भरलेला.
गंधारावर त्या टेकतात न टेकतात
तोच लांबून एक शिट्टी. गाडीची. जराशी चिरकी.

प्रणय म्हणाला, “हे साफ करता येते. सॉफ्टवेअर आहे.”
“हात नको लावू बे.”
आम्ही सगळे वळलो. फुलझेले उभे होते.
“मागं घे.”

तीनदा मागं घेतलं.
“नॅरोगेजचं इंजिन हाये हे.
या आवाजाचं इंजिन पुण्यात कुठून येईन?
इतवारी सोडली का वळणावर एक फाटक होतं.
तिथं मी लांब, आखूड, मंग पुन्हा लांब देत होतो.
आखूड कोणीच देत नव्हतं.
भाऊ गेला होता त्या दुपारच्या गाण्याले.
मले रजा नाही भेटली.”
मग, जरा वेळानं,
“तो मी आहो.”

पुढचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आम्हीही नाही:
शिट्टी विरते, बाई क्षणभर गप्प,
आणि मग तोच स्वर, जिथं गाडीनं सोडला तिथून,
उचलून घेतात, घोळवतात,
हलकेच षड्जावर आणून ठेवतात.
कोणीतरी हसतं. तबलजी एक थाप जास्तीची मारतो.

मला म्हणायचं होतं की टेपचा वेग कोण सांगणार,
फाटकं काय एकच होती,
आणि आखूड शिट्टी देणारे ड्रायव्हर
सातपुड्यापर्यंत किती असतील.
पेन उचललं तर कुंदाताईंनी
वॉर्डात गोंधळ घालणाऱ्या नातेवाइकाकडं पाहावं
तसं पाहिलं.

स्पूल संपलं. शेपटी फटफटत राहिली.
कूलर सुरू करायला कोणीच उठलं नाही.
फुलझेलेंनी त्या दिवशी “बरं” म्हटलं नाही,
चपलाही उलट्या पायांत घालून गेले.

अश्फाकभाईंनी प्रणयच्या कंपासातलं खोडरबर मागितलं,
डब्यावरचं पुणे नीट पुसलं,
फुंकर मारली,
आणि नुसतं प्रश्नचिन्ह ठेवून
डबा फळीवर लावला.